बाळंतपणाची मुदत

वऱ्हाडच्या सार्वजनिक जीवनाचा इतिहास सांगू लागले की तो पहिल्या काही पानांतच वकिलांचा इतिहास होऊन बसतो. १८९७ साली राष्ट्रीय सभेचे अधिवेशन अमरावतीस भरले, तेव्हा ज्यांच्या शब्दाला या नगरीत वजन होते ते दादासाहेब खापर्डे, रावबहादूर मुधोळकर आणि मोरोपंत जोशी हे तिघेही वकील; त्यांपैकी मुधोळकर १९१२ साली त्याच सभेचे अध्यक्ष झाले, आणि मोरोपंतांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या संमतिवय समितीने गोळा केलेल्या साक्षीपुराव्याचे पाठबळ १९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास लाभले. पुढच्या पिढीत पापळच्या शेतकरी घरातून विलायतेस जाऊन बॅरिस्टर होऊन आलेले पंजाबराव देशमुख झाले, आणि आज अमरावतीत कायद्याचे शिक्षण घेणाऱ्या कितीतरी मुली त्यांचेच नाव धारण करणाऱ्या महाविद्यालयात शिकतात. या परंपरेचा अभिमान कोणाही वऱ्हाडवासीयास असावा तसा मलाही आहे. परंतु त्या अभिमानाच्या भरात एक गोष्ट नेहमी दृष्टीआड राहते, ती ही की, पहाटेपासून पक्षकारांनी भरलेली ओसरी, दुपारचे न्यायालय, रात्री कंदिलाच्या उजेडात चाललेली दस्तऐवजांची छाननी, असा त्या थोर पुरुषांचा जो अखंड दिवस आपण आदराने आठवतो, तो ज्या घराच्या आधारावर उभा होता त्या घरातील बाळंतपणे, मुलांची दुखणीखुपणी आणि म्हाताऱ्यांची शुश्रूषा दुसऱ्याच कोणी, म्हणजे घरातल्या स्त्रियांनी, उचललेली होती; आणि आपल्या न्यायालयांचे सारे वेळापत्रक, तारखा देण्याची आणि तहकुबी नाकारण्याची सारी रीत, ज्याच्या पाठीशी असे घर आहे अशा वकिलालाच गृहीत धरून आखली गेली.

त्या घरातली स्त्रीच जेव्हा काळा कोट घालून न्यायालयात उभी राहिली तेव्हा ही रीत बदलावयास हवी होती. नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांनी १८९२ मध्ये ऑक्सफर्ड येथे कायद्याची परीक्षा दिली. पण पुढे तीस वर्षे त्यांना या देशात वकिलीची रीतसर सनद मिळाली नाही. १९१६ साली कलकत्ता उच्च न्यायालयाने रेजिना गुहा यांचा आणि १९२१ साली पाटणा उच्च न्यायालयाने सुधांशुबाला हाजरा यांचा अर्ज, केवळ त्या स्त्रिया आहेत म्हणून नामंजूर केला. अखेर १९२३ च्या कायद्याने हा मज्जाव उठला, आणि मिठन टाटा या मुंबई उच्च न्यायालयात वकिली करणाऱ्या पहिल्या स्त्री ठरल्या. अमरावतीकरांना जवळचे उदाहरण हवे असेल तर जळगावच्या जिल्हा न्यायालयात वकिलीस आरंभ करणाऱ्या, पुढे अमरावतीच्या शेखावत घराण्यात आलेल्या, १९९१ मध्ये याच मतदारसंघातून लोकसभेवर गेलेल्या आणि २००७ साली देशाच्या पहिल्या महिला राष्ट्रपती झालेल्या प्रतिभाताई पाटील यांचे आहे. दरवाजा उघडला त्याला आता शंभर वर्षे लोटली. आतील व्यवस्था मात्र तशीच राहिली, आणि त्याचा परिणाम आकड्यांत स्वच्छ दिसतो: २०२१ मध्ये तत्कालीन सरन्यायाधीश न्या. रमणा यांनी जाहीरपणे सांगितले की देशातील सुमारे सतरा लाख वकिलांत स्त्रियांचे प्रमाण अवघे पंधरा टक्के आहे, आणि राज्यांच्या वकील परिषदांतील निर्वाचित सदस्यांत तर ते दोनच टक्के आहे.

या अवस्थेचे कारण शोधताना १९६१ या सालापाशी थांबावेसे वाटते. त्या वर्षाच्या मे महिन्यात संसदेने वकिलांविषयीचा अधिनियम संमत केला आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात प्रसूतिविषयक लाभांचा अधिनियम संमत केला. एकाच संसदेने एकाच वर्षी केलेले हे दोन कायदे एकमेकांस कधी भेटलेच नाहीत. प्रसूतिलाभाच्या कायद्यात २०१७ साली मोठी सुधारणा झाली. पगारी रजा बारा आठवड्यांवरून सव्वीस आठवड्यांवर गेली, आणि पन्नास किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेने पाळणाघराची सोय केली पाहिजे व आईला दिवसातून चार वेळा तेथे जाऊ दिले पाहिजे, असे बंधन आले. पण हा सारा डोलारा मालक आणि नोकर या नात्यावर उभा आहे. उलट वकिली करणाऱ्याने पूर्णवेळ पगारी नोकरी करू नये असा भारतीय वकील परिषदेचा नियमच आहे, आणि तो योग्य आहे, कारण वकिलाचे स्वातंत्र्य हा न्यायदानाचा कणा आहे. याचा अर्थ असा झाला की, ज्या स्वातंत्र्याचे रक्षण व्हावे म्हणून वकिलाला मालक ठेवण्याची बंदी केली, त्याच स्वातंत्र्यापायी वकील स्त्रीला प्रसूतीच्या काळात कोणीच जबाबदार राहिला नाही. न्यायालयाच्या आवारात शेकडो वकील रोज येत असले तरी कायद्याच्या हिशेबात ते कोणाचेच कर्मचारी नसल्यामुळे पन्नासाच्या मोजणीत एकही येत नाही. त्याच इमारतीत, त्याच न्यायाधीशासमोर उभी राहणारी सहायक सरकारी अभियोक्ता शासकीय सेवेत असल्याने तिला १८० दिवसांची प्रसूतिरजा आणि पुढे मूल लहान असेतो १८० दिवसांची बालसंगोपन रजा मिळू शकते. तिच्या समोरच्या बाजूने आरोपीचा बचाव करणाऱ्या तिच्याच वयाच्या स्त्रीला एक दिवसाचीही नाही. २०२५ च्या जुलै महिन्यात मुंबई उच्च न्यायालयाने, वकील परिषद ही वकिलांची मालक नव्हे, यास्तव कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धचा २०१३ चा कायदा वकिलांच्या आपसातील तक्रारींना लागू होत नाही, असा निर्णय दिला. विषय निराळा असला तरी पोकळी तीच आहे, आणि ती पोकळी आहे हे आता न्यायालयाच्याच लेखणीतून उमटले आहे.

मालक नाही हे खरे. पण वकिलाच्या दिवसावर सत्ता कोणाचीच नाही असे मात्र नाही. ती सत्ता तारखेची आहे. आमच्या वऱ्हाडात जिला पेशी म्हणतात ती तारीख न्यायालय देते, न्यायालयच बदलते, आणि त्या तारखेस वकील हजर नसेल तर काय व्हावयाचे तेही न्यायालयच ठरवते. म्हणून वकील मातेच्या प्रश्नाचे उत्तर रजेच्या कायद्यात शोधीत बसणे व्यर्थ आहे. ते तहकुबीच्या नियमात शोधले पाहिजे, असे माझे ठाम मत आहे.

तो नियम काय म्हणतो ते पाहावे. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या सतराव्या आदेशाप्रमाणे सुनावणीच्या काळात एका पक्षाला तीनपेक्षा अधिक तहकुबी द्यावयाच्या नाहीत. वकील दुसऱ्या न्यायालयात गुंतलेला आहे ही सबब चालणार नाही. आणि वकील आजारी आहे किंवा अन्य कारणाने काम चालवू शकत नाही असे सांगितले गेले तर, पक्षकाराला वेळेत दुसरा वकील नेमणे शक्य नव्हते अशी न्यायालयाची खात्री झाल्याखेरीज तहकुबी मिळणार नाही. फौजदारी बाजूस २०२४ च्या जुलैपासून अमलात आलेल्या नागरिक सुरक्षा संहितेनेही तहकुबींवर दोनाची मर्यादा घातली आहे. या तरतुदींचा हेतू स्तुत्य आहे यात शंका नाही; वर्षानुवर्षे तारखांच्या फेऱ्यात अडकलेल्या पक्षकाराची त्यातून सुटका व्हावी हाच तो हेतू. परंतु अचानक येणारा ताप आणि प्रसूती या दोन गोष्टींत जो भेद आहे तो या नियमाच्या कर्त्यांना सुचलाच नाही. ताप कधी येणार हे कोणी सांगू शकत नाही. प्रसूतीची तारीख डॉक्टर सहा महिने आधी कागदावर लिहून देतात. जी गोष्ट इतक्या आधीपासून ठाऊक असते तिच्यासाठी नियम करणे सर्वांत सोपे, आणि तिच्यासाठीच नियम नाही. वकिलाला एकाएकी आलेल्या आजाराप्रमाणेच तिच्या बाळंतपणाकडेही पाहिले जाते, आणि नियमाचा इशारा स्पष्ट असतो की पक्षकाराने दुसरा वकील पाहावा.

पक्षकार तसेच करतो, आणि त्याला दोषही देता येत नाही. अकोट किंवा बाळापूर तालुक्यातला एखादा शेतकरी, वडिलोपार्जित सात एकरांच्या वाटणीचा दावा घेऊन आलेला, एका तरुण वकीलबाईवर विश्वास टाकतो. ती त्याचे सातबारे, फेरफार, जुने वाटणीपत्र सारे वाचून काढते, दावा उभा करते, समोरच्याची लेखी कैफियत आल्यावर मुद्दे निघेपर्यंत नेटाने चालविते, आणि साक्षीपुरावा सुरू होण्याच्या सुमारास तिचे दिवस दिसू लागतात. मग एके दिवशी तो बाररूमच्या दाराशी घुटमळतो आणि संकोचत विचारतो, "बाई, तुमच्या बाळंतपणात आमच्या केसचं कसं कराचं मंग?" या प्रश्नाचे खात्रीचे उत्तर तिच्यापाशी नसते. 'न्यायालय मला तीन महिन्यांची मुदत देईलच' असे ती सांगू शकत नाही. 'साहेब चांगले आहेत, देतील' एवढेच तिला म्हणता येते. पुढच्या तारखेस दुसऱ्याच वकिलाचे वकिलपत्र दाखल होते. अशी पाच-सहा प्रकरणे गेली की वकिलीच्या पहिल्या पाच वर्षांची सारी कमाई गेली, कारण आमच्या जिल्ह्यांत वकिली वाढते ती जाहिरातीने नव्हे, एका पक्षकाराने गावच्या पारावर दुसऱ्याला नाव सांगितल्याने.

आणि जी प्रकरणे राहतात ती चालविताना काय होते? बाळंतपणाला दोन महिनेही झालेले नाहीत अशी स्त्री उलटतपासणीसाठी अकरा वाजता उभी राहण्याच्या तयारीने येते. बोर्डावर तिचे प्रकरण नववे असते. आधीची आटोपतील तेव्हा पुकारा होणार; तो साडेबारास होईल की चारला, हे कोणी सांगू शकत नाही. मूल घरी सासूबाईंपाशी, किंवा भाड्याच्या खोलीत एखाद्या सांभाळणाऱ्या बाईपाशी असते. दुपारी दीडच्या सुमारास छाती दगडासारखी होते, काळ्या कोटाखाली कपडा ओला होऊ लागतो, आणि बाररूममध्ये पडद्याआड दोन मिनिटे बसावे अशी जागा नसेल तर ती स्वच्छतागृहाच्या दिशेने जाते. तेही कुलूपबंद नसेल तर. तेवढ्यात पुकारा झाला आणि ती पोहोचली नाही, तर रोजनाम्यात 'वकील गैरहजर' अशी नोंद होऊन 'उलटतपासणी नाही' असा हुकूम होतो, आणि तो रद्द करून घेण्यासाठी अर्ज, खर्च आणि आणखी एक तारीख. अशा प्रसंगी तिच्या मनात पक्षकाराविषयी जी अपराधी भावना दाटून येते ती माझ्या मते या साऱ्या व्यवस्थेतील सर्वांत अन्यायाची गोष्ट होय, कारण अपराध तिचा नसतो.

यावर मला ज्येष्ठ वकिलांकडून एक उत्तर नेहमी मिळते, आणि ते सद्भावनेचे असते. ते म्हणतात, आमच्याकडे बारमध्ये आपलेपणा आहे; एखाद्या भगिनीची अडचण असली तर समोरचा वकील हरकत घेत नाही, न्यायाधीशही पुरसिस, म्हणजे लेखी निवेदन, पाहून तारीख देतात. हे अनेकदा खरे असते, आणि अमरावती-अकोल्याच्या बारमधला हा जिव्हाळा मोठ्या शहरांत दुर्मीळ झाला आहे हेही खरे. पण सौजन्य ही प्रत्येक वेळी नव्याने मागण्याची वस्तू आहे. भरल्या न्यायालयात, पुरुषांनी भरलेल्या बाकांसमोर, आपल्या शरीराची अवस्था सांगून तिने ती मागावयाची, आणि समोरचा पक्ष चिडलेला असला, न्यायाधीश नवे असले किंवा प्रकरण वरिष्ठ न्यायालयाने वेळ बांधून दिलेले असले, तर ती नाकारलीही जावयाची. जे सौजन्याने मिळते त्याचे वचन ती पक्षकाराला देऊ शकत नाही, आणि म्हणून पक्षकार जातोच. हक्क हवा तो एवढ्यासाठी.

असा हक्क देणे अशक्य आहे काय? ब्राझीलमध्ये दानिएला तेइशेरा नावाच्या वकील गरोदर असताना न्यायिक परिषदेपुढे युक्तिवादासाठी गेल्या. आपले प्रकरण आधी घ्यावे ही त्यांची विनंती मानली गेली नाही, तासन्‌तास ताटकळल्यानंतर त्यांना रुग्णालयात हलवावे लागले आणि मुलगी अकाली जन्मली. पुढे २०१६ साली तेथे जो कायदा झाला तो त्या मुलीच्या नावाने ओळखला जातो. त्या कायद्याने गरोदर व स्तनदा वकिलांना सुनावणीत अग्रक्रम दिला, आणि प्रसूत झालेली स्त्री जर त्या प्रकरणातील एकमेव वकील असेल, तर पक्षकाराला लेखी कळविल्यावर तीस दिवस प्रकरणातील मुदती थांबतात असे ठरविले. पिता झालेल्या वकिलालाही आठ दिवस मिळतात. अमेरिकेतील फ्लोरिडा राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तर संसदेची वाटही पाहिली नाही. त्याने आपल्या नियमाधिकारात २०२० च्या १ जानेवारीपासून असा नियम लागू केला की मुख्य वकिलाने अपत्यजन्माच्या कारणास्तव वेळेवर अर्ज केला तर तीन महिन्यांपर्यंतची तहकुबी सामान्यतः द्यावीच, आणि ती देऊ नये असे ज्याला वाटते त्याने आपले भरीव नुकसान काय होते ते दाखवावे. येथे सिद्ध करण्याचा भार कोणावरून कोणावर गेला ते पाहण्यासारखे आहे. आमच्याकडे आईने आपली अडचण सिद्ध करावयाची. तेथे हरकत घेणाऱ्याने आपले नुकसान.

याला जो गंभीर आक्षेप आहे तो टाळून चालणार नाही. कारागृहात असलेल्या आरोपीने वकिलाच्या प्रसूतीसाठी तीन महिने आत का राहावे, पोटगीच्या चार पैशांवर जगणाऱ्या बाईने का थांबावे, हे प्रश्न न्याय्य आहेत, आणि त्यांचे उत्तर असेच असू शकते की अशा प्रकरणांत कोणीही थांबू नये. जामीन, कोठडी, तातडीचा मनाई हुकूम, पोटगी, कौटुंबिक हिंसा, ही प्रकरणे या सवलतीच्या बाहेरच ठेवावीत. तेथे तिने सहकारी वकील द्यावा आणि ते काम परत तिच्याकडे येईल अशी शिस्त वकील संघाने पाळावी. इतर प्रकरणांत पक्षकाराची लेखी संमती घ्यावी. दहा-पंधरा वर्षे चाललेल्या वाटणीच्या दाव्यात, दरखास्तीत, अपिलात तीन महिन्यांनी कोणाचे काय बुडते? ते दावे रखडतात ते समन्स न बजावल्याने, न्यायाधीशांची पदे रिकामी राहिल्याने, अभिलेख न आल्याने. वकील स्त्रियांच्या बाळंतपणांनी रखडले असे आजवर कोणी म्हटलेले नाही. शिवाय शरीराच्या मर्यादेपुढे नियम वाकविण्याची आपल्या व्यवसायास सवय नाही असेही नव्हे. अकोल्याचा पारा पंचेचाळिसाच्या पलीकडे जातो तेव्हा जिल्हा न्यायालयांत काळ्या कोटाची सक्ती नसते. वकील परिषदेच्या नियमांतच तशी मोकळीक आहे. उन्हाळा दरवर्षी येतो म्हणून त्याची तरतूद झाली. मुलेही दरवर्षी जन्माला येतात.

हा प्रश्न आज अधिक निकडीचा का झाला आहे ते सांगितले पाहिजे, कारण त्याचा धागा पुन्हा अमरावतीशीच जुळतो. सर्वोच्च न्यायालयाच्याच संशोधन विभागाच्या २०२३ च्या अहवालाप्रमाणे जिल्हा न्यायपालिकेतील न्यायाधीशांत स्त्रियांचे प्रमाण ३६.३ टक्के आहे. वकिलांत पंधरा आणि न्यायाधीशांत छत्तीस! शिक्षण तेच, कायदा तोच, बहुतेक वेळा महाविद्यालयही तेच. फरक एवढाच की न्यायाधीशपद परीक्षेने मिळते आणि त्या पदाला पगार व रजा आहे. ज्या मुलींना वकिलीत टिकाव लागण्याची आशा नव्हती त्या पदवी घेताच परीक्षेला बसल्या आणि उत्तीर्ण झाल्या. २०२५ च्या मे महिन्यात मात्र तत्कालीन सरन्यायाधीश न्या. भूषण गवई यांच्या पीठाने दिवाणी न्यायाधीशाच्या कनिष्ठ पदासाठी किमान तीन वर्षे वकिलीची अट पुन्हा लागू केली. न्या. गवई अमरावतीचे सुपुत्र. अमरावती महापालिकेचे आणि अमरावती विद्यापीठाचे वकील म्हणून त्यांनी काम केलेले. ज्याने स्वतः न्यायालयाच्या पायऱ्या झिजविल्या आहेत त्याला अनुभवाची किंमत वाटावी हे स्वाभाविक आहे, आणि कच्च्या वयात न्यायासनावर बसण्यातील धोका मलाही पटतो. पण त्या तीन वर्षांचा काळ कोणता? तेविसाव्या-चोविसाव्या वर्षी पदवी, मग सनद, मग सत्ताविसाव्या वर्षापर्यंत वकिली: वऱ्हाडातील घरांत मुलीच्या लग्नाची बोलणी आणि पहिले मूल याच वर्षांत येते. पूर्वी जी मुलगी या काळात परीक्षा देऊन सुरक्षित आसनावर पोहोचत असे, तिला आता हाच काळ त्या व्यवसायात काढावा लागणार की ज्यात तिच्या प्रसूतीची नोंद घेणारी एकही ओळ नाही. अट ठेवावयाची तर तिच्यासोबत ही ओळही लिहिली पाहिजे: तीन वर्षांची मोजदाद करताना प्रसूतीचा विराम वकिलीतच धरला जाईल असे सेवाप्रवेशाच्या नियमांत स्वच्छ शब्दांत यावे. नाहीतर छत्तीस टक्क्यांचा आकडा खाली येताना आपल्याला पाहावा लागेल.

इमारतींविषयी थोडक्यातच लिहितो, कारण त्याबाबत निदान आज्ञा तरी झाल्या आहेत. २०२५ च्या जानेवारीत सर्वोच्च न्यायालयाने सर्व न्यायालयांच्या आवारात स्त्री, पुरुष, दिव्यांग व तृतीयपंथी यांच्यासाठी स्वतंत्र स्वच्छतागृहे हवीत असा आदेश दिला, फेब्रुवारीत न्या. नागरत्ना व न्या. वराळे यांच्या पीठाने सार्वजनिक ठिकाणी स्तनपानासाठी कक्ष आणि पाळणाघर असावे यावर भर दिला. आपल्या राज्यात बसस्थानकांवर हिरकणी कक्ष किती वर्षांपासून आहेत. जे बसस्थानकाला जमले ते न्यायमंदिराला जमू नये याचे कारण सापडत नाही. दर्यापूरला २०२५ च्या जुलैमध्ये न्यायालयाच्या नव्या इमारतीचे उद्‌घाटन झाले. यापुढे अमरावती आणि अकोला जिल्ह्यांत जी जी इमारत उठेल तिच्या नकाशात पाळणाघराची खोली आधीपासून असावी, तळमजल्यावर असावी, आणि ती चालविण्यासाठी प्रशिक्षित बाईचा पगार अंदाजपत्रकात वेगळा दाखविलेला असावा, कारण माणूस न नेमलेल्या पाळणाघरात सहा महिन्यांत जुने अभिलेख रचले जातात. हे पाळणाघर केवळ वकिलांचे नसावे. धारणीहून सेमाडोह-परतवाड्याच्या वाटेने, मांडीवर मूल घेऊन, साक्षीला आलेली कोरकू बाई आणि नझारतीत काम करणारी लिपिक यांच्या मुलांनाही तेथे जागा हवी.

पैशाचाही विचार करावयास हवा. वकिलपत्रावर कल्याण निधीचे तिकीट लावण्याची पद्धत महाराष्ट्रात १९८१ च्या कायद्यापासून आहे, आणि त्या निधीतून वकिलाचा मृत्यू झाल्यास किंवा त्याने वकिली सोडल्यास रक्कम मिळते. मरण आणि निवृत्ती यांची तरतूद जो निधी करतो त्याने जन्माची का करू नये? २०२४ मध्ये भारतीय वकील परिषदेने कनिष्ठ वकिलांना शहरांत वीस हजार व ग्रामीण भागात पंधरा हजार रुपये मासिक विद्यावेतन द्यावे अशी शिफारस केली. ती शिफारसच आहे, आणि जिल्ह्याच्या ठिकाणी कनिष्ठ वकिलाच्या हाती काय पडते हे बारमध्ये सर्वांना माहीत आहे. प्रसूतीच्या तीन महिन्यांपुरते तरी त्या शिफारशीइतके अनुदान कल्याण निधीतून देण्याचा ठराव महाराष्ट्र व गोवा वकील परिषदेने करावा. रक्कम मोठी नाही, परंतु डफरीन किंवा लेडी हार्डिंग रुग्णालयातून मूल घेऊन घरी आलेल्या वकील स्त्रीला खोलीचे भाडे आणि कार्यालयातील मुन्शीचा पगार यांसाठी पंधराव्या दिवशी न्यायालयात येण्याची गरज पडणार नाही.

दूरदृश्य प्रणालीने सुनावणी, जिला आता सगळेच व्हीसी म्हणतात, ती करोनाच्या काळात आपण करून दाखविली, आणि ई-न्यायालयांच्या तिसऱ्या टप्प्यासाठी केंद्राने २०२३ मध्ये ७,२१० कोटी रुपये मंजूर केले आहेत. उलटतपासणी समोरासमोरच व्हावी हे मला मान्य आहे. पण मुदतीचे अर्ज, कैफियत दाखल झाल्याची नोंद, पुढची तारीख घेणे, एवढ्याचसाठी तान्ह्या मुलाच्या आईने मूर्तिजापूरहून अकोल्यास का यावे? त्यातही तिच्या प्रकरणाला ठरावीक वेळ दिली, दुपारच्या सुट्टीपूर्वीची किंवा नंतरची, तर नवव्या क्रमांकाची ती अनिश्चित प्रतीक्षा टळेल. याला पैसा लागत नाही, कायदाही लागत नाही. जिल्हा न्यायाधीशांचे एक परिपत्रक पुरते.

मुख्य गोष्ट मात्र नियमाचीच आहे, आणि त्यासाठी दिल्लीकडे डोळे लावून बसण्याचे कारण नाही. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १२२ प्रमाणे उच्च न्यायालयाला पहिल्या अनुसूचीतील आदेश आपल्या अधिकारक्षेत्रापुरते बदलण्याची किंवा त्यांत भर घालण्याची मुभा आहे. पूर्वप्रसिद्धी करावी लागते आणि राज्य शासनाची मान्यता घ्यावी लागते, इतकेच. मुंबई उच्च न्यायालयाने हा अधिकार पूर्वी अनेकदा वापरला आहे. सतराव्या आदेशाच्या पहिल्या नियमास एक परंतुक जोडले की काम झाले: वकिलाने प्रसूतीच्या अपेक्षित तारखेचे वैद्यकीय प्रमाणपत्र आणि पक्षकाराची लेखी संमती दाखल केल्यास न्यायालय बारा आठवड्यांपर्यंतची मुदत देईल, ही मुदत तीन तहकुबींच्या मर्यादेत मोजली जाणार नाही, आणि विरुद्ध पक्षाने भरीव नुकसान दाखविल्यासच ती कमी करता येईल. दत्तक मूल घेणाऱ्या मातेलाही ते लागू असावे, आणि पित्याला दोन आठवडे असावेत, नाहीतर मूल वाढविणे हे एकट्या बाईचेच काम आहे असे आपण नियमानेच लिहून देऊ. फौजदारी बाजूस, जेथे आरोपी जामिनावर आहे तेथे, याच धर्तीचे मार्गदर्शन उच्च न्यायालयाच्या परिपत्रकाने करता येईल.

या परंतुकाचा मसुदा अमरावती आणि अकोला येथील वकील संघांनी एकत्र बसून करावा, दोन्ही संघांच्या सर्वसाधारण सभेत तो ठरावाने मंजूर करावा, आणि नागपूर खंडपीठाच्या मार्फत उच्च न्यायालयाच्या नियम समितीकडे पाठवावा. मसुदा करणाऱ्या समितीत निम्म्याहून अधिक स्त्रिया असाव्यात, आणि त्यांत दहा वर्षांपेक्षा कमी वकिली झालेल्या निदान दोघी असाव्यात, कारण रात्री दोनला उठून अकराला न्यायालयात उभे राहण्याची आठवण त्यांनाच ताजी असते. ठरावावर पहिली सही मात्र ज्येष्ठांनी करावी. ज्यांच्या हाताखाली या मुली शिकल्या, ज्यांनी त्यांच्या पहिल्या युक्तिवादाला मागच्या बाकावरून मान डोलावली, त्यांच्यापैकी कितीतरी जणांनी मला खासगीत सांगितले आहे की अमुक एक मुलगी टिकली असती तर आज जिल्ह्यातली पहिल्या प्रतीची दिवाणी वकील झाली असती. ते शब्द आता ठरावाच्या कागदावर यावेत, आणि मे महिन्याच्या सुट्टीपूर्वी यावेत.